दोन गाड्या आणि अख्खं सोलापूर

सोलापुरात नवीन गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज काय देती बे?" दुसरा रिसेलचा. गाडी अजून घरी यायची असते, पण ती विकताना किती येतील याचा हिशेब पार्क चौकात चहा संपायच्या आत झालेला असतो. सल्ले ऐकत ऐकत बाकीच्या गाड्या आपोआप गळतात. शेवटी उरतात दोन, आणि त्या दोन मात्र जीव खातात. ही जोडी बऱ्याचदा टाटाच्या नेक्सॉनची आणि मारुतीच्या ब्रेझाची असते, म्हणून त्यांचाच पंचनामा करू.

दोन्ही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर. हा योगायोग नव्हे. चार मीटरच्या आत राहिलं तर कराची सवलत मिळते, म्हणून कंपन्यांनी पाच मिलिमीटर हातचे राखलेत. दोन कडक भाकऱ्या एकमेकींवर ठेवल्या की भरतील तेवढेच. पण नुसत्या लांबीवर सरकार भुलत नाही. पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आणि डिझेल १,५०० सीसीच्या आत लागतं. नेक्सॉनचं पेट्रोल १,१९९ आणि डिझेल १,४९७, म्हणजे दोघंही अगदी उंबरठ्याच्या आत पाय ओढून बसलेले. ब्रेझाचं पेट्रोल १,४६२. त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून नेक्सॉनवर जीएसटी १८ टक्के आणि ब्रेझावर ४०. मात्र कर शोरूमच्या किमतीत आधीच धरलेला असतो. तेव्हा टक्केवारीवरून भांडण्यापेक्षा दोन्हीकडची ऑन-रोड क्वोटेशनं शेजारी ठेवून वाचावीत.

ब्रेझाच्या जास्तीच्या सीसीत मिळतो चौथा सिलिंडर. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचं. तीन पिस्टन असले की दोन टोकांची ओढाताण एकमेकांना पूर्ण कापत नाही, आणि इंजिन पुढेमागे डुलू पाहतं. म्हणून सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी गिअरमधून काढून उभी करा, एसी लावा आणि स्टिअरिंगवर नुसता तळवा ठेवा. ती थरथर तुम्हाला खटकते की नाही, हे कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही. काहींना ती जाणवतही नाही, काहींना रात्री झोपेतही जाणवते.

पण त्याच नेक्सॉनला टर्बो आहे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, आणि इथे मामला उलटतो. तिचा १७० न्यूटन मीटरचा जोर इंजिनाच्या मिनिटाला १,७५० फेऱ्यांपासूनच मिळायला लागतो. ब्रेझाचा जोर १४० च्याही आत, तोही चार हजारांच्या वर फेऱ्या गेल्यावर. याचा अर्थ समजायला गाळपाचा हंगाम हवा. मोहोळच्या अलीकडे पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांबाहेर लोंबणारा ऊस, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असलाच तर देवाच्या कृपेने. तिथे नेक्सॉनमध्ये पाय दाबला की गाडी सुटते. ब्रेझाला एक गिअर खाली घ्यावा लागतो आणि इंजिन जरा ओरडतं. उलट मंगळवार पेठेतल्या गर्दीत, दुसऱ्या गिअरमध्ये, रांगत्या वेगात टर्बो झोपलेला असतो आणि ब्रेझा न कुरकुरता ओढत राहते. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह दोन्हीकडे घ्या. शोरूमवाले आपल्याला त्यांच्या गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारून आणतात, त्यात फक्त म्युझिक सिस्टिमची परीक्षा होते.

क्लच दाबून गुडघा दुखत असेल तर ऑटोमॅटिक घ्यायची, पण कुठली ते विचारून. नेक्सॉनमध्ये एएमटी आहे, म्हणजे गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं. ती स्वस्त पडते, पण गिअर बदलताना प्रवाशांना माना डोलवायला लावते. वरच्या व्हेरिएंटना सात गिअरची ड्युअल क्लच आहे. ती झटपट चालते, मात्र चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरली की कुठलाही क्लच तापतोच. ब्रेझात सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी. ॲव्हरेज थोडं कमी, पण वागणूक जावयासारखी नव्हे, सुनेसारखी.

डिझेलचा मोह फक्त नेक्सॉनमध्ये होऊ शकतो. "हायवेला डिझेलच पायजे" म्हणणाऱ्या अण्णांना एवढंच विचारा की हायवेला जाणार किती वेळा? बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळायला गाडी बऱ्यापैकी वेगात, सलग, गरम होऊन पळावी लागते. जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढ्याच फेऱ्या असतील तर जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग रविवारी उगाच टेंभुर्णीपर्यंत जाऊन यावं लागतं.

ॲव्हरेजचं म्हणाल तर पेट्रोलच्या दोन्ही गाड्या कागदावर १७ ते २० किलोमीटरच्या घरात. रस्त्यावर त्याहून कमीच धरा. त्यात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. ऊस आपल्याच जिल्ह्यातला, इथेनॉलही त्याचंच, आणि शिव्या मात्र पंपवाल्याला. सीएनजी घ्यायची तर डिकी उघडून बघा. ब्रेझात एकच मोठी टाकी डिकीत आडवी पडते आणि लग्नाला जाताना बॅगा मांडीवर येतात. नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवल्यात, त्यामुळे वर ३२१ लिटर जागा उरते.

सुरक्षेत नेक्सॉनचं पारडं जड आहे. डिसेंबर २०१८ मध्ये, गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी. पुढे भारत एनकॅपमध्येही पाच. फक्त "पत्रा जाड आहे" म्हणत दारावर टिचक्या मारू नका. अपघातात वाचवतो तो आतला सांगाडा, बाहेरचा पत्रा नव्हे.

घरात वयस्कर माणसं असतील तर टेप घेऊन जा. ब्रेझाची उंची १,६८५ मिलिमीटर, नेक्सॉनची १,६२०. हा फरक मागे चढताना कंबरेला आणि आत बसल्यावर डोक्याला कळतो. आईला मागच्या सीटवर तीन वेळा चढाय-उतरायला लावा. ती जी गाडी बघून "असू दे, हीच घे की" म्हणेल, तिथे अर्धा निकाल लागला.

उरलेला अर्धा लावतो मे महिना. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सहाला घेणारा माणूस सोलापूरचा नव्हे. दुपारी दोनला जा. शोरूमवाले एसी लावून गाडी आधीच गार करून आणतात. ती बंद करून अर्धा तास उन्हात ठेवा, मग मागे तिघं बसवा आणि मागच्या माणसाच्या कपाळावरचा घाम कधी वाळतो ते बघा. सनरूफसाठी जास्तीचे पैसे मोजणार असाल तर निदान त्याचा पडदा जाड आहे का ते पाहा, कारण वर्षातला बराच काळ तो लावूनच ठेवायचा आहे. आणि रंग पांढरा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात काळी गाडी पुसत बसायची हौस परवडत नाही.

आता कागद. एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आसपास असेल तर सावध. नऊ लाख नव्वद हजारांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १,०८,९००. दहा लाख दहा हजारांच्या गाडीला १२ टक्के, म्हणजे १,२१,२००. वर एक टक्का टीसीएस, १०,१००. (टीसीएस म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातो.) मिश्रधातूच्या चाकांसाठी वीस हजार वाढवले आणि बिल ४२,४०० ने फुगलं, असा हा प्रकार. क्वोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' दिसले तर ती ओळ तिथेच खोडायला सांगा. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, पण तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेरचं एक कोटेशन नुसतं दाखवलं तरी आतला आकडा खाली येतो.

माझं मत विचाराल तर गावातल्या गावात फिरणाऱ्यांनी ब्रेझा ऑटोमॅटिक घ्यावी, आणि महिन्यातून दोनदा पुणे किंवा हैदराबाद करणाऱ्यांनी नेक्सॉन. हे ऐकून गल्लीतले दोन्ही पक्ष नाराज होतात, म्हणजे बरोबर असावं.

निवड झाली की पासिंगच्या आधी यार्डात जाऊन आपली गाडी उजेडात बघायची. टायरवरचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. चासी नंबर कागदाशी जुळवा, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते लिहून घ्या. डिसेंबरची घसघशीत सवलत बऱ्याचदा जुन्या महिन्याच्या गाडीवर असते. बोनेट, दारं आणि बंपर यांच्यातल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का पाहा. रंगावर बोट फिरवा. हे सगळं एमएच-१३ चा नंबर पडायच्या आधी, कारण नंबर पडल्यावर दाखवलेला ओरखडा तुमचाच धरतात. चाकांखाली लिंबं ठेवून, नारळ फोडून झाल्यावर तर शोरूमवाला फोटो काढायच्या घाईत असतो.