‘वुमन’मध्ये ‘मॅन’ शोधणाऱ्यांनो

महिला दिन आला की तो मेसेज येतोच. ‘इंग्रजी भाषेची कमाल बघा! वुमनमध्ये मॅन आहे, शीमध्ये ही आहे, फीमेलमध्ये मेल, मिसेसमध्ये मिस्टर, लेडीमध्ये लॅड, मॅडममध्ये अ‍ॅडम.’ खाली गुलाब. शेवटची ओळ पाठवणाऱ्याच्या मर्जीवर: कधी ‘म्हणून स्त्री पुरुषाला सामावून घेते’, तर कधी ‘म्हणून पुरुषाशिवाय स्त्री अपूर्ण’. एकाच पुराव्यातून दोन उलटे निष्कर्ष निघतात, तिथेच खरं तर शंका यायला हवी. आजवर डिलीट करून गप्प बसायचो. यंदा सातवीतल्या भाचीकडून शाळेत हेच भाषण म्हणून पाठ करून घेतलं, वर टाळ्याही पडल्या. आता बोलणं भाग आहे.

सगळ्यात मोठा घोळ ‘वुमन’चा. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मन्न’ म्हणजे माणूस; बाई असो की बुवा. खास पुरुषासाठी ‘वेर’ होता, तो आज ‘वेअरवुल्फ’मध्ये (लांडगा बनणारा माणूस) तेवढा उरलाय. बाईला ‘वीफ’. ‘वीफ’ आणि ‘मन्न’ यांचा जोड म्हणजे ‘वीफमन्न’. हे कळायला कोश उघडायची गरज नाही, आपण ‘बाईमाणूस’ म्हणतो तोच हा शब्द! ‘बाईमाणसानं एवढ्या रात्री एकटीनं जाऊ नये’ असं आजी म्हणायची, तेव्हा तिला त्या बाईच्या आत कुणी पुरुष दडलेला दिसत नसे. पुरुषमाणसालाही याच चालीवर ‘वॅप्नेडमन्न’ म्हणत, म्हणजे हत्यारवाला माणूस. (हत्यार कुठलं, यावर पंडितांनी पुरेसे विनोद केलेत.) पुढे वीफमन्न झिजून वुमन झाला. अनेकवचनाचा उच्चार आजही ‘विमिन’ होतो, त्यात जुना ‘वी’ जिवंत आहे. सुटा ‘वीफ’ मात्र आकसून ‘वाइफ’वर आला, आपल्याकडे ‘बायका’ म्हणजे स्त्रिया आणि ‘बायको’ म्हणजे पत्नी, तसंच काहीसं.

पुरावा हवा? ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या इंग्रजांच्या जुन्या बखरीत सातव्या शतकातल्या केंटच्या राजाच्या मुलीची, एर्कनगोटाची नोंद आहे. पवित्र कुमारिका, आणि पुढे ‘वुंडर्लिक मन्न’, म्हणजे विलक्षण माणूस. राजकन्येला सरळ ‘मॅन’ म्हटलंय आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलेलं नाही. या एका ओळीपुढे तो मेसेज टिकत नाही.

बाकीचं झटपट उरकतो. फीमेल लॅटिन ‘फेमेल्ला’वरून, मेल ‘मास्क्युलस’वरून. दोघांचं काही नातं नाही. स्पेलिंग नंतर कुणीतरी यमक जुळवल्यासारखं जुळवलं. लेडी म्हणजे मुळात ‘ह्लॅफ्दिये’, पाव मळणारी, आणि लॉर्ड हा त्या पावाचा राखणदार. लॅड, म्हणजे पोरगा, हा शब्द त्यानंतरचा, त्याचा इथे काय संबंध? मॅडम हे फ्रेंच ‘मा दाम’, माझी मालकीण. आदम बिचारा हिब्रू. ‘मेनोपॉजमध्येसुद्धा मेन’ म्हणून हसणाऱ्यांसाठी: तो महिना आहे, आपल्या ‘मासिक’मधल्या ‘मास’चा भाऊबंद.

‘शी’ आणि ‘मिसेस’बाबत थोडं खरं आहे, तेवढं देऊन टाकतो. ‘ही’ आणि बाईसाठीचं जुनं सर्वनाम ‘हेओ’ (‘शी’ बहुधा यातूनच आलं) एकाच कुळातले. मिसेस म्हणजे मिस्ट्रेस, मास्टरचं स्त्रीरूप. पण अठराव्या शतकापर्यंत घर किंवा धंदा चालवणाऱ्या बिनलग्नाच्या बाईलाही मिसेस म्हणत. तिथे कुठला मिस्टर?

आणखी एक गोष्ट, नाइलाजानं. ‘मॅन’ला बरेच अर्थ चिकटले: नवरा, नोकर, सरदाराचा बांधील माणूस (आपल्याकडे ‘हा आमदारांचा माणूस’ असतो तसा), बुद्धिबळाच्या पटावरचं मोहरं, मग ती राणी का असेना. पण हळूहळू ‘पुरुष’ हा अर्थ वरचढ झाला आणि त्याची किंमत बायकांनी मोजली, ती अक्षरांच्या खेळात नव्हे, कोर्टात. ब्रिटनच्या १८५० च्या एका कायद्यानं सांगितलं होतं की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत, वेगळं नमूद नसेल तर, स्त्रियाही धराव्यात. १८६७ च्या मताधिकार कायद्यात शब्द होता ‘मॅन’. तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिलनं तिथे ‘पर्सन’ घाला अशी दुरुस्ती सुचवली, ती १९६ विरुद्ध ७३ मतांनी पडली. मग मँचेस्टरच्या पाच हजारांवर बायकांनी १८५० चा कायदा पुढे करून मतदार यादीत नाव मागितलं. १८६८ साली ‘चॉर्लटन विरुद्ध लिंग्ज’ खटल्यात न्यायाधीशांनी निकाल दिला: या ‘मॅन’मध्ये बाई येत नाही. कर भरायच्या आणि शिक्षा भोगायच्या वेळी मात्र ती येत होती. संसदेसाठी मत मिळालं ते थेट १९१८ साली, तेही तिशीपुढच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांना. पुरुषांच्या बरोबरीनं मिळायला १९२८ उजाडलं.