सिटिकोलिनबद्दल

डोक्याला मार लागल्यावर सिटिकोलिन या औषधाने स्मरणशक्ती परत येते, हे डोक्याच्या दुखापतीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर ९० दिवस याची चाचणी झाली. २०१२ मध्ये निकाल आला, तर हे औषध घेणारे आणि नुसती दिखाऊ मात्रा घेणारे यांच्यात फरकच निघाला नाही. माझा दादा यवतमाळहून गावाकडे येताना फटफटीवरून पडला. नंतर सात महिने हीच गोळी चालली, अर्ध्या कापसाचे पैसे त्यात गेले. वहिनी रिकामी पाकिटंही फेकत नव्हती, हिशेबासाठी पिठाच्या डब्यात ठेवायची. दादाची जीभ वळायला लागली ती पुतणी रोज संध्याकाळी बाजेवर बसून त्याच्याकडून वखर, डवरा, तिफण अशी नावं म्हणवून घ्यायला लागली तेव्हा. बोलण्याच्या सरावाबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं.

अमँटाडिन या दुसऱ्या औषधाने अशा दुखापतीनंतर सुधारणा लवकर होते, हे मात्र लेखात बरोबर लिहिलंय. पण त्याची चाचणी पूर्ण शुद्धीवर न आलेल्या १८४ रुग्णांवर होती, हेही सांगा. नाहीतर आमच्याकडे हिंडत्याफिरत्या माणसासाठीही लोक तेच मागायला जातील. आणि पैसे वाचवायला कुणी फिटची गोळी मनानेच बंद करू नका. आमच्या घरी तेही होता होता राहिलं.