तीन कॉलेजं, तीन एथिक्स कमिट्या

एमबीबीएसच्या मुलांना वॉर्डात फीडबॅक मिळतो का, एवढंच विचारणारी आमच्या संशोधनाची साधी प्रश्नावली. ना रक्त काढायचं, ना गोळी द्यायची. पण मुंबईतली तीन कॉलेजं म्हटल्यावर संशोधनाला आधी मंजुरी देणाऱ्या तीन एथिक्स कमिट्या! एकीला संमतीपत्रातलं एक वाक्य खटकतं. ते बदललं की उरलेल्या दोघींकडे दुरुस्ती घेऊन पुन्हा रांगेत. अहो, कमी जोखमीच्या बहुकेंद्री अभ्यासाला एकाच कमिटीची सामाईक तपासणी चालते, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे! उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे तशी पद्धत नाही, मॅडम."

मंजुरी येईस्तोवर ती बॅच इंटर्नशिपला लागलेली असते. आम्ही संशोधकांनी झूमवर भेटावं तर एकाची ओपीडी, एकाची प्रॅक्टिकल्स, आणि एक जण दादरच्या पुलावर, म्यूट करायला विसरलेला.

आणि लेखकांची नावं! प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, वाचायला कुणाला वेळ नसतो, पेपर पाठवायच्या दिवशी मात्र प्रत्येक विभागप्रमुख हजर. लेखक कुणाला म्हणायचं याचे आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, चार निकष दाखवले तर म्हणे, "तेवढं ॲडजस्ट करा." कोण काय करणार, हे पहिल्याच मीटिंगला लिहून घ्या म्हणून मी घसा कोरडा करते. तेव्हा नेमका सगळ्यांना चहा आठवतो.