ऑर्क आणि एल्फ एका वाड्यावर राहूच शकत नाहीत म्हणे

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला. सार असं की काल्पनिक जगात एल्फ, ड्वार्फ, ऑर्क असल्या फँटसीतल्या जमाती आणि माणसं एका गावात दाखवणं म्हणजे लॉजिकला सुट्टी, कारण एक, वेगळे लोक वेगळी राज्यंच करणार, दोन, चुकून एकत्र राहिले तर दोन पिढ्यांत मिसळून एक होणार, तीन, सगळ्यांची एक भाषा नसेल तर बाजार चालणार नाही, आणि चार, सातशे वर्षं जगणारे एल्फ सगळी जमीन गिळणार. खाली अंगठ्यांची रांग. आता मी दर रविवारी गोव्यात, फोंड्याला, चार टाळक्यांना बसवून असल्याच जगातली पात्रं होऊन गोष्ट रचायचा खेळ चालवतो, त्यातलं गाव मीच बनवलंय, त्यामुळे थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू.

पहिल्या मुद्द्यात या माणसानं धरूनच चाललंय की लोक शेजारी राहतात ते एकमेकांवर जीव आहे म्हणून. अरे बाबा, खाजन बघितलंय का कधी? शेत भरतीच्या पातळीच्या खाली, मध्ये मातीचा बांध, आणि बांधात मानस. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं ते आपोआप मिटतं. बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्याच भातात शिरतं, भाटकाराचं (जमीनमालकाचं) कुठलं, कुळाचं कुठलं, देवळात जाणाऱ्याचं कुठलं, चर्चला जाणाऱ्याचं कुठलं ते बघत बसत नाही. म्हणून भांडणं नाहीत का? भरपूर आहेत. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात घेतलेल्याला वाटतं खारं पाणी जरा जास्त आत यावं, शेतकऱ्याला वाटतं थेंब नको. माझ्या गावात ड्वार्फ बांध घालतात, खाडीतले जलमानव मानस राखतात, ऑर्क भात लावतात, आणि तिघंही एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. पण पावसाच्या आधी बांधाला चिखल लावायला तिघंही येतात, न येऊन सांगणार कुणाला!

बरं, वेगळे झाले की संबंध संपतात असंही नाही. कुंकळ्ळीत १५८३ साली पाद्री मारले गेले, मग सूड म्हणून गावकरी मारले गेले, त्या काळात देवी फातर्प्याला न्यावी लागली. हे गोड करून सांगण्यासारखं नाहीच. पण आजही शिगम्यात ती देवी बारा वांगडांच्या (गावकऱ्यांच्या घराण्यांच्या) बारा छत्र्यांसोबत कुंकळ्ळीला येते आणि त्या बारांमध्ये ख्रिश्चन झालेल्या घराण्यांचाही मान असतो. असली एक छत्री तुमच्या काल्पनिक नकाशात घालून बघा, दोन राज्यांमधली ती सरळ रेघ लगेच वाकडी होईल.

दुसऱ्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, या बहिणी मानतात, सायबिणीच्या फेस्ताला तेल वाहायला हिंदूही जातात. आणि सोयरीक जुळवायची वेळ आली की दोन्हीकडचे जात विचारतात, धर्म बदलला तरी ते सुटलं नाही. कसली दोन पिढ्यांत मिसळतायत.

भाषेचं मात्र हसायला आलं. आमच्या घरात बोलायचं कोंकणीत, आरती मराठीत, पेपर मराठी, बँकेचा फॉर्म इंग्लिशमध्ये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आई मयड्याची केळी घ्यायला उभी राहते, "गे बाय, कशीं दिलीं?", ती बाय कोंकणीत भाव सांगते, तेवढ्यात बाजूच्या टुरिस्टाला हिंदीत वेगळा भाव सांगते (जास्त, अर्थात), आणि मागच्या चोरीस (गोव्याचं सॉसेज) विकणारीशी बोलताना तिची कोंकणी अशी बदलते की आईला अर्धीच कळते. वर गंमत म्हणजे ती बाय कोंकणी लिहिते रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, आणि आमचे शेजारी देवनागरीत, आणि १९८७च्या राजभाषा कायद्यात देवनागरी घातली त्यावरून वाद अजून मिटलेला नाही. म्हणजे भाषा एक असूनही भांडण, आणि भाषा चार असूनही केळी विकली जातात. त्या खेळात सगळ्यांना येणारी 'कॉमन' नावाची भाषा दिलीय ना, ती मी पहिल्याच दिवशी काढून टाकली.

आता एल्फ. हा मुद्दा मला खरा आवडला, कारण इथे त्यानं निदान विचार केलाय. पण जमीन गिळायला आधी ती हातात राहायला हवी. आमच्याकडे १८६७च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडापासून चालत आलंय की वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची अर्धी अर्धी. समजा एका एल्फ बाईनं सातशे वर्षांत दहा माणसांशी लग्न केलं, प्रत्येक नवरा हात हलवत आला आणि मरताना त्याचा अर्धा वाटा पोरांना गेला. ढोबळ हिशोब आहे, वकिलाला दाखवू नका, पण दहाव्यानंतर बाईकडे उरला १०२४वा हिस्सा! आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबारा म्हणा) नावं किती? आमच्या आजोळच्या घराचं साधं छप्पर बदलायचं होतं तर एक सही लिस्बनला आणि एक नैरोबीला, ती माणसं आईनं जन्मात बघितलेली नाहीत. त्यात एल्फ घाला, ज्याचा चुलतभाऊ अजून तीनशे वर्षं सही करायला तयार होणार नाही आणि मरणारही नाही. जमीन गिळणं सोडा, पत्रा बदलला तरी खूप झालं.

परवाच्या रविवारी माझ्या गावात अमावास्येची भरती आली, जलमानवानं मासळीसाठी मानस फळी लावून उघडी ठेवली होती, बांधाला हातभर भोक पडलंय. ड्वार्फ म्हणतो मजुरी आगाऊ, ऑर्क म्हणतो फळी लावणाऱ्यानं भरावी, एल्फबाई म्हणतात घाई काय आहे. फॉरवर्डवाल्याला रविवारी यायचं असेल तर यावं, चहा आमचा, चिखल त्यानं काढायचा.