नाइन पॉइंट नाइन आणि पंधरा: ऐरोलीच्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की 9.9 आणि 15 एचपीची आउटबोर्ड मशीनं (होडीच्या मागे टांगायची इंजिनं) आतून एकच असतात, फरक काय तो कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाचा. ते वाचून काकांच्या भाच्याने आपल्या जुन्या 9.9 ला भंगारातून आणलेला 15 चा कार्ब्युरेटर लावला आणि तिसऱ्या दिवशी खाडीत पिस्टन जाम झाला. दिवाळे गावचे मिस्त्री म्हणाले, ही दोन वेगळी मशीनं आहेत. काकांचं म्हणणं असं की मी अर्धवट माहिती देऊन गरिबाचं नुकसान केलं.

"फरक काय तो कार्ब्युरेटरचा" हे वाक्य माझं चुकलं. आजच लेखातून काढलं आहे. भाच्याची माफी मागतो. पण मिस्त्रींचं म्हणणंही जसंच्या तसं मान्य करता येत नाही, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक चालू शकणारा पार्ट सोडून दुप्पट दिवस थांबतात. धंद्याच्या दिवसांत होडी किनाऱ्याला बांधून ठेवणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

यामाहाच्या टू-स्ट्रोक 9.9 आणि 15 चं उदाहरण घ्या. दोन्ही दोन सिलिंडरची आणि 246 सीसीची. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 56 मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव 50. वजनही दोघांचं 36 किलोच्या आसपास. जास्त ताकदीचं मशीन वजनाने तितकंच भरतं, तेव्हाच समजायचं की लोखंड तेच आहे. सुझुकीच्या नव्या फोर-स्ट्रोकमध्ये 9.9, 15 आणि 20 ही तिन्ही 327 सीसीची आहेत. वेगवेगळा ब्लॉक ओतायला साचे वेगळे लागतात, म्हणून कंपन्या एकच ब्लॉक घडवतात आणि त्याला वेगवेगळं जेवण देतात. 9.9 हा विचित्र आकडा मात्र नियमामुळे आला. अमेरिकेत कित्येक तलावांवर 10 एचपीच्या वर मशीन चालत नाही, म्हणून त्याच्या जरा खाली.

हे जेवण म्हणजे हवा आणि पेट्रोल, आणि भाच्याचा घात तिथेच झाला असावा. अशा लहान टू-स्ट्रोकला ऑइल वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलमधूनच आत जातं. मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटर लावला, हवा भरपूर आली आणि जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मात्र बारीक किंवा गाळाने अर्धा बुजलेला राहिला, तर पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. भंगारातल्या कार्ब्युरेटरमध्ये कोणत्या नंबरचे जेट होते, आधीच्या मालकाने काय बदललं होतं, हे कोण सांगणार? शिवाय कंपनी ताकद वाढवते तेव्हा एकटा कार्ब्युरेटर बदलून थांबत नाही. मॉडेलप्रमाणे रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी पातळ पात्यांची झडप) आणि एक्झॉस्टची वाटही बदलते. पंख्याचंही तसंच. 9.9 चा कमी पिचचा (एका फेऱ्यात पाणी कमी कापणारा) पंखा वाढलेल्या ताकदीला हलका पडला, तर आरपीएम मर्यादेबाहेर जातात. फुल थ्रॉटलला टॅकोमीटर (आरपीएम मोजणारं यंत्र) लावून मॅन्युअलच्या मर्यादेत बसतंय का, हे पाहिल्याशिवाय असं मशीन खाडीत नेऊ नये. हे सगळं मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

आता ज्याच्यासाठी तो लेख मुळात लिहिला, तो मुद्दा. ठाण्याच्या खाडीत मशीन सर्वांत जास्त कशाने बंद पडतं? गाळाने आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी. पाणी ओढणारा इंपेलर झिजतो, थंड पाणी वर येत नाही. तो इंपेलर 9.9 आणि 15 ला एकच लागतो. यामाहाचा पार्ट नंबर नीट पाहा: 63V-44352. डॅशनंतरचे पाच आकडे वस्तू सांगतात. 44352 म्हणजे इंपेलर, मशीन कोणतंही असो. आधीची तीन अक्षरं तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी घडवला ते सांगतात. त्यामुळे एका मशीनच्या पुस्तकात दुसऱ्याच मॉडेलची अक्षरं दिसली तर गोंधळू नका. तो भाग दोघांत सामाईक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. एचपी सारखी असूनही मशीन वेगळं असू शकतं. यामाहाचं 40 एचपी दोन सिलिंडरमध्ये येतं, 703 सीसी, पिस्टन 80 मिलिमीटरचा. तेच 40 तीन सिलिंडरमध्येही येतं, 698 सीसी, पिस्टन 67 चा. वाशीच्या एका दुकानात मी "चाळीसचे पिस्टन रिंग" एवढंच सांगितलं, काउंटरवरच्या माणसाने पुढे काही विचारलं नाही, आणि घरी येऊन डबा उघडल्यावर कळलं की रिंग दुसऱ्याच चाळीसच्या आहेत. उघडलेला डबा त्याने परत घेतला नाही. तेव्हापासून एचपी सांगून मी काहीही विकत घेत नाही. क्लॅम्पजवळच्या पट्टीवरचा मॉडेल कोड लिहून नेतो आणि पार्ट नंबर जुळला तरच पैसे देतो.

रॉकेलवर चालणारं मशीन असेल तर आणखी जपा. त्यात कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे बाहेरून जुळं दिसणारं हेड किंवा गॅसकेट तिकडचं इकडे चालेलच असं नाही.

काका, भाच्याला सांगा, ब्लॉक लगेच भंगारात देऊ नका. सिलिंडरला ओरखडे किती खोल आहेत ते बघून बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसतो का, हे आधी ठरवू. क्रॅंकची बेअरिंगही हाताने फिरवून बघायला लागतील. मूळचा 9.9 चा कार्ब्युरेटर अजून घरात असेल तर तो आधी शोधून ठेवा. या रविवारी मी दिवाळ्याला येतोच आहे, मॉडेल कोडच्या पट्टीचा आणि पिस्टनचा फोटो त्याआधी पाठवला तर मायक्रोमीटर बरोबर घेऊन येईन.