खुलासा : काढ्यानं बीपीची गोळी सुटत नाही

लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘ज्येष्ठमधाचा काढा प्या, प्रतिकारशक्ती वाढेल, बीपी उतरेल, गोळी बंद करा.’ प्रतिकारशक्तीचा बीपीशी संबंध आहे, पण असा नाही. 2007 मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगात टी आणि बी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, नसलेल्या उंदरांना बीपी चढवणारं अँजिओटेन्सिन दिलं. बीपी फारसं चढलं नाही. टी पेशी परत सोडल्या, तसं चढलं. या पेशी रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात जमल्या की सूज येते, शरीरात मीठ अडकतं. म्हणजे नुसतं ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून भागत नाही.

आणि ज्येष्ठमध? रोज भरपूर घेतलं तर तेच बीपी चढवतं, पोटॅशियम घटवतं. आमच्या मावशीनं गोळी सोडून पंधरा दिवस पितळी पातेल्यात उकळून प्यायलं, वर ठेच्यासोबत भाकरी. आता गोळी पुन्हा सुरू, पातेलं माळ्यावर.