मासे ‘आ’ वासतात ते भुकेने नव्हे

अकोल्याला मावशीच्या परसात हजारेक लिटरचा हौद आहे. त्यात आठ गोल्डफिश होते, परवा पाच उरले. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘उन्हाळ्यात माशांसाठी पाच रामबाण उपाय’ ही पोस्ट. मलाही ती तीन ग्रुपांवर आलीय, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात घातक उपाय पहिलाच: ‘मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात म्हणजे भुकेले आहेत, दुप्पट खाद्य टाका.’ अहो, जीव गुदमरतोय त्यांचा! पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. मत्स्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तक्ताच असतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना जेमतेम ७. हीसुद्धा कमाल मर्यादा. हिरव्यागार हौदात पहाटे त्याहून बराच कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतं. आणि गरम पाण्यात माशाला प्राणवायू लागतो मात्र जास्त. मावशी पहाटे पाचला टॉर्च घेऊन गेली तर सगळे कडेला, तोंडं वर, कल्ले भराभर हलताहेत. तिने इमानेइतबारे दोन मुठी खाद्य टाकलं. एकानेही तोंड लावलं नाही. ते तळाशी कुजलं, उरलासुरला प्राणवायूही त्यात गेला, वर अमोनिया. अशा वेळी खाद्य बंद करायचं आणि पंप लावून रात्रभर पाणी वरून पडू द्यायचं. पंप नसेल तर बादलीने उपसून उंचावरून परत ओता.

दुसरा उपाय, बर्फ. १ किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे ५ किलोची लादी टाकलीत तरी हजार लिटर पाणी गार होणार अर्ध्या अंशाच्या आसपास. लादीजवळच्या माशाला झटका बसेल तो वेगळाच.

‘रोज सगळं पाणी बदला’ म्हणे. नळाचं क्लोरिनचं पाणी थेट कल्ल्यांवर? पाव हौद बदला, तोही संध्याकाळी, आदल्या दिवशी ड्रममध्ये उघड्यावर ठेवलेल्या पाण्याने.

चौथा: ‘हौद जलपर्णीने पूर्ण झाका.’ सावली हवी हे खरं, नाइलाजाने मान्य करतो. पण अर्ध्या हौदावर. पूर्ण झाकला तर हवाच लागत नाही पाण्याला. मी स्वतः हिरवी शेडनेट बांधतो. जलपर्णी एकदा शिरली की उपसता उपसता नाकी नऊ येतात.

पाचवा उपाय चमचाभर हळदीचा. हजार लिटरला चमचाभर. जाऊ द्या.